सुरी कुणाच्या मानेवर?

बकरी ईद जवळ आली की वस्तीतल्या आपल्या पोरांत दोन तऱ्हेचं बोलणं सुरू होतं. एक म्हणतो, आपण बुद्धाची लेकरं, पंचशील घेतलेलं. मुक्या जिवाची मान कापायची आणि त्याला सण म्हणायचं, हे आपल्याला कसं चालंल? दुसरा म्हणतो, तू गप रे, शेजारच्या चाचाच्या घरनं वाटा येतो तो खा आणि झोप. पहिला नाक मुरडतो, दुसरा ढेकर देतो. हा सण सांगतो काय, हे दोघंही विचारत नाहीत. मला ते विचारावंसं वाटतं.

माझी जागा आधी सांगून टाकतो. मी मुसलमान नाही. देव मानत नाही, आभाळातनं हुकूम येतात यावर माझा विश्वास नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात मी वाढलो. तरीपण या सणाच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो देव मानणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त झोंबणारा आहे. बळी द्यायचा कुणी, आणि कुणाचा?

आधी गोष्ट सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती नीट ऐकलेली नाही. जिल्हेज महिन्याच्या ९ तारखेला हाजी अरफातच्या मैदानात उभे राहतात. १० तारखेला मिना इथं कुर्बानी होते, आणि त्याच दिवशी जगभरचे मुसलमान ईदची नमाज पढून कुर्बानी करतात. त्यामागं इब्राहिमची कहाणी आहे. म्हातारपणी झालेला पोरगा. बापाला स्वप्न पडतं की आपण पोराला कापतो आहोत. कुराणातला बाप पोराला गुपचूप नेत नाही. तो पोराला स्वप्न सांगतो आणि विचारतो, तुझं काय म्हणणं आहे? पोरगा म्हणतो, तुम्हाला हुकूम झालाय तसं करा. बाप त्याला पालथा निजवतो. तेवढ्यात हाक येते : बस, तू स्वप्न खरं केलंस. पोराच्या जागी दुसरा बळी येतो. परंपरा सांगते की तो मेंढा होता. कुराणात त्या ठिकाणी पोराचं नाव नाही. मुसलमान बहुतेक करून इस्माईल मानतात. यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात तो इसहाक आहे.

गोष्ट एवढीच. आता कुणीही धडधाकट डोक्याचा माणूस विचारील की पोराला मार म्हणणारा देव कसला? जर्मनीच्या कांटनं १७९८ साली हेच लिहिलं. त्याच्या मते इब्राहिमनं उत्तर द्यायला हवं होतं की मी माझ्या पोराला मारू नये एवढं मला पक्कं ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे मला पक्कं ठाऊक नाही. मला कांटचं म्हणणं पटतं. कुठल्याही आवाजापुढं माणसानं आपली अक्कल गहाण टाकू नये, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय.

पण मग मी दुसऱ्या बाजूनं बघतो. मुसलमान माणूस दरवर्षी साजरं काय करतो? पोराचं मरण नाही. पोरगा मेलाच नाही. पोरगा जित्ता घरी आला, ते साजरं करतो. सुरी थांबली तो दिवस म्हणजे ईद. माणसाचा बळी मागणाऱ्या जगात ही गोष्ट सांगितली गेली, आणि तिचा शेवट असा झाला की इथून पुढं माणसाची मान नाही. 'कुर्बानी' या शब्दाच्या मुळाशीसुद्धा रक्त नाही. अरबीत 'कुर्ब' म्हणजे जवळ असणं. ज्यानं आपण जवळ जातो ती कुर्बानी. आणि कुराणात स्पष्ट सांगितलंय की मांसही देवाला पोचत नाही, रक्तही पोचत नाही, पोचते ती फक्त तुमच्या मनातली सचोटी. म्हणजे बोकड ही खूण आहे. हिशेब मालकाच्या काळजाचा होतो.

आता आपल्याकडची एक गोष्ट शेजारी ठेवतो. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा तुम्ही कुणाच्या तरी तोंडून ऐकली असंल. इंग्रजांच्या काळातल्या पुण्याच्या गॅझेटियरातही ती छापलेली आहे. बुरुज बांधला की ढासळायचा. राजाला स्वप्न पडलं की पायात जिवंत माणसं गाडल्याशिवाय बुरुज उभा राहणार नाही. मग एका महाराचा पोरगा नाथनाक आणि त्याची बायको देवकाई, दोघांना पायात गाडलं. बुरुज उभा राहिला. अशा कथा कितीतरी किल्ल्यांच्या, पुलांच्या, तळ्यांच्या सांगतात. पायातला माणूस बहुतेक वेळा महार नाहीतर मांग. इतिहास म्हणून यातलं किती खरं ते सोडा. गावानं ही कथा कशी सांगितली आणि ऐकणाऱ्याला तिच्यात खटकण्यासारखं काही का वाटलं नाही, मला तेवढं पुरतं.

दोन्ही ठिकाणी स्वप्न आहे. तिथं स्वप्न बापाला पडलं आणि पोरगा त्याचाच होता. इथं स्वप्न राजाला पडलं आणि पोरगा महाराचा. तिथं पोराला विचारलं. इथं नाथनाकाला कुणी विचारलं? आणि विचारलं असतं तरी 'नाही' म्हणायची सोय होती का? तिथं सुरी मानेपाशी थांबली. इथं मेंढा आला नाही, दगडावर दगड चढत गेले. मनूनं तर सांगूनच ठेवलंय की यज्ञासाठी केलेली हत्या ही हत्याच नव्हे. ज्यांची मान कधीच दगडाखाली जात नाही त्यांनी असा कायदा लिहिला.

म्हणून मी म्हणतो, बळी आणि कुर्बानी यांतला फरक देवाच्या नावात शोधू नका. देणाऱ्याचं स्वतःचं काय गेलं ते बघा. स्वतःचं जातं तेव्हा तो त्याग. दुसऱ्याचं जातं तेव्हा तो खून, मग त्यावर कितीही मंत्र म्हणा, आयती म्हणा, क्रांतीची गाणी म्हणा.

सणाचे नियम बघितले तर हेच दिसतं. ज्याची ऐपत आहे त्यानंच कुर्बानी करायची. हनफी लोकांत ती ऐपतदारावर वाजिब आहे. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्यात ती भर देऊन सांगितलेली सुन्नत आहे. पण कफल्लक माणसावर तिचं ओझं कुणाच्यातच नाही. आपल्या बापजाद्यांनी सावकाराचं कर्ज काढून नवसाची बोकडं कापली, हे आठवून बघा. जनावर लंगडं, आंधळं, रोगट चालत नाही. शेळी-बोकड एक वर्षाचं हवं. मोठं जनावर दोन वर्षांचं, त्यात सात जणांचा वाटा. म्हणजे नको झालेलं देऊन मोकळं होता येत नाही. कुराणात म्हटलंय की जे तुम्हाला प्यारं आहे त्यातनं दिल्याबिगर भलेपणा हाती लागत नाही. आता आपल्या गावचा दानधर्म आठवा. शिळी भाकरी, विटलेलं कालवण, फाटकं जुनेर. घरात कुत्रंही खाणार नाही ते महारवाड्यात, मांगवाड्यात यायचं आणि देणाऱ्याच्या खात्यावर पुण्य जमा व्हायचं.

मटणाचे रिवाजानं तीन वाटे : एक घरचा, एक गणगोत-दोस्तांचा, एक गरिबाचा. आणि आणखी एक नियम आहे, त्यावर माझं मन फार दिवस अडकलंय. कापणाऱ्या खाटकाला मजुरी म्हणून त्या जनावराचं मांस किंवा कातडं द्यायचं नाही. पैगंबरांनी अलींना तसं बजावल्याची हदीस आहे. खाटकाची मजुरी मालकानं आपल्या पदरची, वेगळी द्यायची. मग खुशीनं वाटा दिला तर तो निराळा.

दोस्तांनो, या साध्या नियमापुढं आपला बलुत्याचा इतिहास ठेवा. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं आपण. त्याची मजुरी काय? त्याच ढोराचं मांस. वर म्हणायचं, हा तुमचा हक्क. मजुरीला हक्काचं नाव, घाणीला मानाचं नाव. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. पुढं १९२८ साली महार वतनाच्या जोखडावर घाव घालणारं बिल त्यांनी मुंबई कौन्सिलात आणलं. आपले आजे-पणजे पोटाला चिमटा घेऊन उठले, ढोरं ओढायची बंद केली, गावानं बहिष्कार घातला तरी मागं हटले नाहीत. मला विचाराल तर आपल्या समाजानं दिलेली सगळ्यात मोठी कुर्बानी ती. दुसऱ्या कुणाच्या गळ्याला हात लावला नाही. भुकेच्या दिवसांतला हातातला घास खाली ठेवला, आणि त्यानं आपण माणसाच्या जवळ गेलो. कुर्ब म्हणतात तो हाच.

आता पंचशीलवाल्या दोस्ताकडं वळतो. त्याचा प्रश्न खोटा नाही. जनावराचं मरण हे मरणच आहे. मुसलमानांच्या नियमात जनावरापुढं सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसऱ्याला कापू नये असं सांगितलंय. ही दया मला मान्य आहे, पण तिथं थांबावंसं वाटत नाही. बुद्ध त्याच्या पुढं गेला. दीघनिकायात कूटदंत ब्राह्मणाची गोष्ट आहे. मगध देशातलं खाणुमत गाव. यज्ञासाठी सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे शेळ्या, सातशे मेंढे खांबाला आणलेले. कूटदंत बुद्धाला विचारतो, यज्ञ नीट कसा करावा? बुद्ध त्याला महाविजित राजाची कथा सांगतो. त्या राजाच्या मुलखात चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या. पुरोहित त्याला म्हणाला, आधी शेतकऱ्याला बी-बियाणं आणि वैरण दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला अन्न आणि पगार दे. मग यज्ञ कर. त्या यज्ञात जनावर मेलं नाही, झाड तुटलं नाही, आणि नोकर-मजूर छडीच्या धाकानं रडत राबले नाहीत. हे ऐकून कूटदंतानं ती सगळी जनावरं सोडून दिली.

या गोष्टीत बुद्धानं जनावर आणि मजूर एकाच दमात सोडवलेत, हे विसरू नका. जो बोकडासाठी रडतो आणि रडत राबणाऱ्या मजुराकडं बघत नाही, त्यानं बुद्धाचं नाव घेऊ नये. आपल्याकडं ईदच्या तोंडावर अहिंसेचा पूर येतो. हीच माणसं २००६ साली खैरलांजी झाली तेव्हा कुठं होती? २०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गोरक्षकांनी बांधून मारलं, तेव्हा कुणाची अहिंसा जागी झाली? महाराष्ट्रात गाईवरचा कायदा १९७६ चा. २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हातारा बैल विकून नवा घेणारा शेतकरी, खाटीक, कुरेशी, कातड्यावर जगणारा चांभार, ढोर, सगळ्यांच्या पोटावर ती कुऱ्हाड आली. कायदा करणाऱ्याचं काय गेलं? काही नाही. म्हणजे पुन्हा तेच : पुण्य एकाचं, मान दुसऱ्याची. म्हणून बोकड कापू नये असं मला वाटत असलं, तरी ते मी आधी माझ्या ताटाला सांगीन, मरीआईच्या जत्रेला सांगीन. शेजाऱ्याच्या दारात काठी घेऊन जाऊन सांगणार नाही.

आणि शेजाऱ्यालाही एक विचारीन. अहो चाचा, तो गरिबाचा तिसरा वाटा कुणाकडं जातो? तुमच्या संडास-गटारी साफ करणाऱ्या मुसलमान मेहतराला तुम्ही ईदच्या दिवशी पंगतीला बसवता का? बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या पुस्तकात १९०१ च्या जनगणनेचा दाखला देऊन अश्रफ, अजलफ, अरझल ही मुसलमानांतली उतरंड दाखवली आहे. अरझलांना मशिदीतही मज्जाव होता असं त्या नोंदीत आहे. मिनाच्या मैदानात राजा आणि रंक न शिवलेल्या दोन पांढऱ्या कापडांत शेजारी शेजारी उभे राहतात, हे मोठंच. पण ते कापड उतरवून मोहल्ल्यात परतल्यावर कोण कुणाच्या घरी सोयरीक करतो, तिथं खरी परीक्षा. हे मी शत्रू म्हणून विचारत नाही. आपल्यातही महार-मांग-चांभार यांच्या पंगती आणि सोयरिकी कशा चालतात, हे ज्याला ठाऊक आहे तो म्हणून विचारतो.

इराणचा अली शरियती म्हणून एक विचारवंत होता, १९७७ साली वारला. हजवरच्या पुस्तकात तो यात्रेकरूला विचारतो, तुझा इस्माईल कोण? तुझी नोकरी, तुझी प्रतिष्ठा, तुझं पद, की तुझं घर? ज्याच्यापायी तू खरं बोलायला कचरतोस तो तुझा इस्माईल, तो मिनाला आण. असं विचारलं की सण आपल्या अंगावर येतो. बोकड विकत मिळतं, देवनारच्या बाजारात हजारांनी उभं असतं. भीती विकत देऊन टाकता येत नाही.

पण याच इराणात पुढं काय झालं? १९८० ते १९८८ इराकबरोबर लढाई चालली. मिसरूड न फुटलेली पोरं शहादतीच्या नावानं आघाडीवर पाठवली. आपला इस्माईल आण म्हणणाऱ्या देशात बळी गेले ते गरिबांच्या घरचे इस्माईल. सुरी थांबवणारी हाक कुणी दिली नाही. सणाचा अर्थ उलटा कसा होतो त्याचं हे उदाहरण, आणि ते फक्त मुसलमानांचं नाही.

आपलं बघू. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ ते १९९४. सोळा वर्षं. १९७८ मध्ये गावंच्या गावं पेटली, पोचिराम कांबळे यांना मारलं. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. दरवर्षी १४ जानेवारीला आपण दोघांची नावं एका ओळीत घेतो आणि 'बलिदान' म्हणतो. मला हा शब्द खुपतो. पोचिराम यांनी बलिदान दिलं नाही, त्यांचा खून झाला. बलिदान म्हटलं की मारणारा वाक्यातनं निसटून जातो. गावाचं पाप पुसलं जातं आणि आपल्या भाषणाला टाळ्या पडतात. आणि गौतम यांच्यापुढं मी मान खाली घालतो, पण विशीतल्या एखाद्या पोराला त्यांच्यासारखं हो असं कधी सांगणार नाही. ज्या व्यवस्थेनं आपल्याला पायात गाडलं तिला आपण आपल्या हातानं आणखी एक नाथनाक का द्यावा?

व्यासपीठावरनं पुढारी ओरडतो, त्याग करा. कोण करणार? लाठी खाणारा वस्तीतला पोरगा. केस त्याच्यावर, कॉलेज त्याचं सुटलं, कोर्टाच्या तारखा त्याच्या बापाला. आणि तिकीट? महामंडळ? पुढाऱ्याचा पोरगा मोर्च्यात कितव्या रांगेत होता, हे एकदा मोजा. इब्राहिमचं स्वप्न सांगणाऱ्यानं पोरगाही आपलाच आणायचा असतो.

कार्यकर्त्याच्या घरातलंही बोलू. कुराणातला बाप पोराला विचारतो, पण त्या प्रसंगात आईला कुणी विचारल्याचं दिसत नाही. लोकपरंपरेतल्या कथेत सैतान तिच्याकडं जाऊन तुझं पोरगं चाललंय म्हणून सांगतो आणि ती त्याला हाकलते, एवढंच. ही आई हाजरा, परंपरेप्रमाणे गुलाम बाई. तान्ह्या पोराला पाणी मिळावं म्हणून सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावलेली. आजही हाजी सात खेपा तिच्या पावलावर पाऊल टाकतात, राजा असला तरी त्याला ते करावं लागतं. तिचं धावणं धर्मानं लक्षात ठेवलं. आपण तेवढं तरी केलंय का? पूर्णवेळ कार्यकर्ता घरी पैसा देत नाही, तेव्हा चार घरची धुणीभांडी करून चूल पेटवते ती त्याची बायको. त्यागाचा सत्कार त्याचा, हार त्याला. तिला कुणी विचारलं होतं, तुझं काय म्हणणं आहे? न विचारता घेतलं तर ती कुर्बानी नव्हे, मग घेणारा कितीही मोठा कॉम्रेड असो.

या सणातनं मी माझ्यापुरतं जे उचललं ते सांगतो. देव नाही उचलला, सुरी नाही उचलली. चार प्रश्न उचलले. जे द्यायला सांगतोय ते माझं स्वतःचं आहे का? ज्याला मोजावं लागणार त्याला विचारलं का, आणि त्याला नाही म्हणता येतं का? जे हाती आलं त्यातला वाटा घराबाहेर गेला का, आणि राबणाऱ्याची मजुरी वेगळी चुकती केली का? आणि शेवटचा : वेळेला 'बस, थांब' असं म्हणणारा आवाज आपल्या चळवळीत कुणाचा आहे?

हा चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण पोरगा जित्ता परत यावा एवढ्यासाठीच ही सगळी गोष्ट सांगितलेली आहे. पुढच्या मोर्च्याच्या आधी जी बैठक होईल तिच्यात घोषणा ठरवा, मार्ग ठरवा, आणि त्याबरोबर वकील कोण, जामिनाचे पैसे कुठनं, अडकलेल्या पोराची फी कोण भरणार, त्याच्या आईला कोण भेटणार, हेही लिहून काढा. पुढाऱ्याला समोर बसवून विचारा. उत्तर नसंल तर मोर्चा आठ दिवस पुढं ढकला, काही बिघडत नाही.

आणि या ईदेला शेजारी वाटा घेऊन आला तर दारातनं परतवू नका. खायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याला आत घ्या, चहा टाका, आणि नाथनाकाची गोष्ट सांगा. त्यानं ती ऐकलेली नसणार. त्याची गोष्ट आपण ऐकली, आपली त्याला सांगायला नको का? माझं म्हणणं पटलं नाही तर गप बसू नका, भांडा, पुढच्या अंकाला लिहून पाठवा.

जय भीम.